लघवी तुंबली असेल तर फोन ठेवा

श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरा येणाऱ्या प्रश्नांचा एक साचा ठरून गेलेला आहे. ‘आमचा ब्रूनो सकाळपासून सारखा पाय वर करतोय, पण होत काहीच नाही. काय द्यावं?’ लगेच वैद्यांची रांग लागते. कुणी म्हणतं, उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पाजा. कुणी स्वतःच्या मुतखड्याच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो टाकतं. एखादा तर अँटिबायोटिकचं नाव डोससकट सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा पैसे भरून पशुवैद्याशी व्हिडिओवर बोललेलं केव्हाही बरं, त्यामुळे ऑनलाइन सल्ल्याला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही.

शहराबाहेर तर त्याला पर्यायही फारसा नसतो. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सगळा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो. 1962 या क्रमांकावर बोलावता येणारं फिरतं पथकही मुख्यतः पशुधनासाठी. कुत्र्याची सोनोग्राफी करायची म्हटलं की जिल्ह्याचं ठिकाण, नाहीतर परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ असं एखादं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. देवगडच्या माणसाने रात्री कुत्रा घेऊन जायचं कुठे? तो फोनच उघडणार.

अडचण अशी की लघवीच्या तक्रारीत डॉक्टरच्या डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. पोट दाबून पाहिलं की मूत्राशय रिकामं आहे की मोसंबीसारखं टणक भरलंय, हे क्षणात समजतं. कॅमेऱ्यातून ते समजत नाही. आणि सगळा निर्णय तर तिथेच अडलेला असतो.

नराच्या बाबतीत विशेष. कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खाचेतून जाते. खाच ताणली जात नाही. मूत्राशयातून निसटलेला बारीक खडा नेमका या हाडाच्या मागे अडकतो. मग कुत्रा कुंथत राहतो, घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालाय, त्याला दूध-तूप देतात. दोन-चार थेंब पडले की ‘होतेय की’ म्हणून सगळे निर्धास्त. ते थेंब तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून गळणारे असू शकतात. लघवी पूर्ण अडली की मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-तीन दिवसांत जनावर हातचं जाऊ शकतं. ऑनलाइन बसलेला चांगला पशुवैद्य हे ऐकल्यावर एकच वाक्य बोलतो: ‘फोन ठेवा आणि निघा.’ त्या वाक्यासाठी दिलेली फी मला कधी जास्त वाटलेली नाही.

आता उलटं उदाहरण. नसबंदी झालेली, प्रौढ लॅब्रेडॉर कुत्री झोपेत अंथरूण ओलं करते. उठल्यावर तिलाच नवल वाटतं. घरात मात्र ‘आता मुद्दाम करायला लागली’ म्हणून तिला ओरडा बसतो. मूत्रनलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडल्याने हे होतं, त्यावर औषध आहे आणि बहुतेकींना ते लागू पडतं. झोपेतल्या गळतीचा व्हिडिओ आणि लघवीचा रिपोर्ट एवढ्यावर निम्मं काम घरबसल्या होतं. दवाखान्यात ती टेबलावर ताठ उभी राहते, तिथे काय दिसणार?

पाणी जास्त पिण्याचंही असंच. ‘खूप पितो’ या वाक्याचा डॉक्टरला उपयोग नाही. बाटलीने मोजून भांड्यात ओता, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याने तीन लिटरहून जास्त पाणी प्यायलं, तर मधुमेह, मूत्रपिंड, हार्मोन यांच्या तपासण्या करायच्या. नसबंदी न झालेली कुत्री हीट संपून काही आठवड्यांनी घटाघटा पाणी प्यायला लागली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, आणि ती वेळ पुन्हा फोन ठेवून निघण्याची.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो गडद लघवीचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे गोचीड ताप जोरात असतो. बबेसिया हा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, त्यांतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची होते. मालक फोनवर सांगतो, ‘लघवीतून रक्त जातंय.’ पलीकडचा घाईत असेल तर लघवीच्या संसर्गाचं औषध लिहून देतो, आणि रक्ताच्या तपासणीचे मोलाचे दिवस निघून जातात. खरं तर कॅमेरा इथे कामाला येतो. पांढऱ्या टिश्यूवर लघवी टिपून दिवसाच्या उजेडात दाखवा. ओठ वर करून हिरड्या दाखवा. त्या फिक्या किंवा पिवळट असतील तर प्रकरण मूत्राशयापुरतं नाही. कानाच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या उघडून गोचीड शोधा. हे सगळं न विचारताच औषध लिहिणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊ नये. (आणि लघवी पुसताना हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो.)

लघवीच्या नमुन्याचं मात्र फोनवर भागत नाही. सकाळी फिरायला नेताना जुना, धुऊन कोरडा केलेला डाव बरोबर घ्या, धार सुरू झाली की अलगद खाली धरा, मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक डबीत ओता आणि तास-दोन तासांत पोचवा. तेवढं जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. माणसांच्या लॅबमध्ये दिलात तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा, कारण लघवी तपासायच्या पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा रकाना कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नसतो. कल्चरसाठी पशुवैद्य सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात. मादीत साधा संसर्ग सर्रास होतो आणि 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्याला तीन ते पाच दिवसांचं अँटिबायोटिक पुरतं. नरात तो कमी होतो, म्हणून झालाच तर मागे खडा किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे का, हे पाहावं लागतं. नमुना न पाहता व्हिडिओवरून तीन आठवड्यांचा कोर्स लिहून देणं ही सोय नाही, बेजबाबदारपणा आहे. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देणं त्याहून वाईट. त्याने पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, आणि ऑनलाइन चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापणं त्यांना बंधनकारक झालं. प्राण्यांच्या ॲपवाल्यांनी तेवढं तरी स्वतःहून करावं. पशुवैद्याची नोंदणी 1984 च्या कायद्याने ठेवलेल्या नोंदवहीत असते, त्यामुळे तो क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. ‘पेट एक्स्पर्ट’ या बिरुदाला मात्र कुठलीही नोंदवही नाही.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घरापासून सर्वांत जवळ कुठल्या दवाखान्यात कुत्र्याला लघवी मोकळी करणारी नळी (कॅथेटर) घालतात आणि ते रात्री दार उघडतात का, एवढं फोन करून विचारा आणि नंबर लिहून ठेवा.