विश्लेषण : सी-प्लेनसाठी संथ तलावच धोकादायक का?

कोचीच्या बोलगट्टीहून निघालेले सी-प्लेन ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मुन्नारजवळील माट्टुपेट्टी जलाशयात चाचणीसाठी उतरले. महाराष्ट्रातही पवना, गंगापूर, धोम या धरणांची नावे अशा सेवेसाठी चर्चेत आहेत. धावपट्टी बांधावी लागत नाही, हा या सेवेचा मोठा फायदा सांगितला जातो. मात्र पाण्याची धावपट्टी रोज बदलते.

आरशासारखे पाणी का नको?

लाटांचा धोका सहज लक्षात येतो. वैमानिकांना वारा पडलेल्या दिवसाचीही धास्ती असते. संथ पाण्यात आकाश आणि डोंगरांचे प्रतिबिंब पडते. पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे, हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी वैमानिक किनाऱ्याचा आधार घेतो, विमानाचे नाक किंचित वर ठेवतो आणि मिनिटाला सुमारे १५० फूट इतक्या कमी गतीने खाली येतो. त्यासाठी लांब मोकळा पट्टा लागतो. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयात तो मिळेलच असे नाही.

चाकांचा धोका काय?

काही सी-प्लेन जमिनीवरही उतरतात. पाण्यावर उतरताना त्यांची चाके चुकून खाली राहिली, तर ती पाण्यात अडकून विमान उलटू शकते.

पाण्याखाली काय दडलेले असते?

पवना जलाशयातील वाघेश्वर मंदिर वर्षातील अनेक महिने पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात उघडे पडते. म्हणजे पावसाळ्यानंतर मोकळा दिसणारा पट्टा मे महिन्यात सुरक्षित असेलच असे नाही. वाहून आलेले ओंडके, मासेमारीची जाळी आणि पर्यटकांच्या होड्या हे धोके वेगळेच.

विमान उलटल्यास काय होते?

कॅनडात सॅटर्ना बेटाजवळ २९ नोव्हेंबर २००९ रोजी उड्डाणानंतर लगेच एक सी-प्लेन समुद्रात कोसळले. आठपैकी सहा जण विमानातच बुडून मरण पावले. त्यानंतर तेथील अपघात तपास मंडळाने सहज उघडणारी आपत्कालीन दारे-खिडक्या आणि प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे, अशी शिफारस केली. हा धडा तलावालाही लागू पडतो. जॅकेट सीटखाली असेल, तर उलट्या विमानात, पाण्याखाली ते शोधणार कोण? ते विमानातच फुगवले, तर प्रवासी वर ढकलला जातो आणि दारापर्यंत पोहोचणे कठीण होते. म्हणून जॅकेट अंगावर घालायचे, पण फुगवायचे बाहेर पडल्यावरच.

मग आधी काय हवे?

प्रत्येक उड्डाणापूर्वी बोटीने पट्ट्याची पाहणी, पाणीपातळीनुसार बदलणारा नकाशा, सज्ज बचाव बोट आणि विमानातून बाहेर कसे पडायचे याची प्रवाशांना माहिती. यातील काहीही फार खर्चिक नाही. जेटीचे उद्घाटन आणि तिकिटांचे दर त्यानंतर ठरवता येतील.