नाव नाही, तरी ओळख पटते

मार्च जवळ आला की अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कितीतरी ऑफिसांमध्ये ईमेल येतो : कर्मचारी सर्वेक्षणात भाग घ्या, तुमची उत्तरं गुप्त राहतील. मी याच भागात एचआरमध्ये काम करते. या आश्वासनावर लोकांचा विश्वास नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

फॉर्ममध्ये नाव विचारत नाहीत. विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं मात्र विचारतात. अकाउंट्समध्ये पंचेचाळिशी उलटलेली, पंधरा वर्षं नोकरी झालेली बाई एखादीच असते. साहेब ऐकून घेतात का, याला तिनं काय उत्तर दिलं ते एक्सेलमध्ये एक फिल्टर लावला की समोर येतं. तिलाही हे ठाऊक असतं. म्हणून ती पाचपैकी चार गुण देऊन मोकळी होते. संध्याकाळी चकाल्याला मेट्रोत चढल्यावर मात्र घाटकोपर येईपर्यंत मैत्रिणीला सगळं सांगते : रजा मागितली की काय ऐकावं लागतं, अप्रेझल कोणाच्या मर्जीवर ठरतं.

२०२४च्या डिसेंबरात नोएडाच्या येसमॅडम कंपनीचा एक ईमेल समाजमाध्यमांवर फिरला. सर्वेक्षणात फार ताण असल्याचं सांगणाऱ्यांना कामावरून कमी केल्याचं त्यात होतं. पुढे कंपनीनं खुलासा केला, की कोणालाही काढलेलं नाही, कामाच्या ताणाकडे लक्ष वेधण्यासाठी तो ईमेल होता. पण असा खुलासा मागाहून येतो. धसका आधीच बसलेला असतो.

त्याहून मला खुपते ती दुसरी गोष्ट. गेटवरचा वॉचमन, हाउसकीपिंगच्या बायका, लोडिंगची पोरं कंत्राटदाराकडची. त्यांना कंपनीचा ईमेल नाही, म्हणजे फॉर्मही नाही. नव्वद टक्के प्रतिसाद आला असं मीटिंगमध्ये अभिमानानं सांगतात तेव्हा ही माणसं हिशेबातच नसतात. शॉप फ्लोअरवर फॉर्म पोचलाच तर इंग्रजीत, आणि भरताना सुपरवायझर शेजारी उभा.

म्हणून कंपन्यांना माझं सांगणं : दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे काढणार नाही, हे फॉर्मवर मराठी-हिंदीत छापा आणि पाळा. मूळ उत्तरं कोणत्याही साहेबाच्या लॅपटॉपवर येऊ देऊ नका. कंत्राटी कामगारांना कागदावर विचारा, सुपरवायझरला बाहेर ठेवून. आणि गेल्या वर्षीच्या उत्तरांवरून काय बदललं ते नोटीस बोर्डावर लावल्याशिवाय नवा फॉर्म पाठवू नका.