दिनविशेष : १२ जुलै

बालदोस्तांनो, १२ जुलै म्हणजे भर पावसाळा. महाराष्ट्राच्या इतिहासात या तारखेच्या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्हींत माणसं रात्रभर जागी होती.

पहिली तुम्हाला पाठच असेल. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. शत्रूला चकवायला दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसलेला शिवा न्हावी परतलाच नाही. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट रोखून धरली, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत!

दुसरी गोष्ट १९६१ ची. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम चौदा महिन्यांचं होतं. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधून पूर्ण व्हायचं होतं, तरी त्यात पाणी साठलेलं. पाऊस थांबेना. धरणाचा माथा एका जागी खचू लागला. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं, की माती वाहून जायला कितीसा वेळ लागतो? म्हणून लष्कराचे जवान ११ जुलैच्या रात्री भर पावसात खचलेल्या जागी वाळूची पोती रचत होते. पोती रचायची, माथा आणखी खचायचा, की पुन्हा पोती!

१२ जुलैला सकाळी धरण फुटलंच. पाण्याच्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फोडलं. मुठेकाठच्या पेठा, डेक्कन जिमखाना पाण्याखाली गेले. लकडी पूल बुडाला. शेकडो माणसं गेली, हजारो घरं पडली. पण जरा विचार करा, हेच पाणी मध्यरात्री, सगळे झोपेत असताना आलं असतं तर? जवानांनी रोखून धरलेल्या त्या काही तासांमुळे किती जण वाचले, याचा हिशेब कोण मांडणार! बाजीप्रभूंची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. या जवानांचीही ऐकायला हवी, असं आम्हाला वाटतं.

खडकवासलाच फुटल्यामुळे पुण्याचे नळ कोरडे पडले. पुरात बुडालेल्या शहराला प्यायला पाणी नाही! मग वाड्यांतल्या जुन्या विहिरी उपसल्या गेल्या. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत वसाहती झाल्या. तुमच्यापैकी कुणी तिथं राहत असेल, तर आपल्या सोसायटीच्या पाटीवर ‘पूरग्रस्त’ हा शब्द आहे का, बघा बरं. आणि घरात कुणी तो दिवस पाहिलेलं असेल, तर आज त्यांच्याजवळ बसून विचारा, पाणी कुठवर आलं होतं?