जर्सीपेक्षा मस्टर मोठं

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य आणि कांस्य अशी आणखी दोन पदकं मिळवली. वर्तमानपत्रांनी तिची 'सावरपाडा एक्स्प्रेस' करून टाकली. मथळ्यांमध्ये ओएनजीसीतल्या तिच्या नोकरीला फारशी जागा मिळाली नाही. पण आदिवासी पाड्यावरच्या मुलीला वर्षानुवर्षं धावत राहायचं असेल, तर महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पगार बुटांपेक्षाही आधी लागतो. खेळाडूला पोसतं कोण आणि किती दिवस, हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो मुंबईतही होता आणि शिकागोतही.

मुंबईत तेव्हा पंचरंगी सामन्यांचा जोर होता. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'रेस्ट', असे धर्मावर बेतलेले पाच संघ. 1940 साली गांधीजींनी या सामन्यांबद्दल उघड नापसंती व्यक्त केली, तरी ब्रेबॉर्न स्टेडियम भरतच राहिलं. 1943च्या अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे रेस्टकडून खेळले, कारण ते ख्रिस्ती होते. हिंदूंनी 5 बाद 581वर डाव सोडला होता. फॉलोऑननंतर रेस्टच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर त्यांनी 300ची भागीदारी केली, तीत विवेकचा वाटा 21 धावांचा. एवढा मोठा फलंदाज, पण मैदानात उतरायला त्याला धर्माची पाटी लागली आणि पोटासाठी बडोदा संस्थानाची चाकरी. 1946 साली पंचरंगी बंद पडली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत संस्थानंही विलीन झाली. दोन्ही आश्रयदाते एकदमच गेले.

महायुद्ध चालू असताना शिकागोत वेगळाच प्रयोग चालला होता. अमेरिकेतली नॅशनल बास्केटबॉल लीग 1937 साली उभी राहिली तीच कंपन्यांच्या जोरावर. जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन आणि गुडइयर हे तिचे मूळ आधारस्तंभ. युद्ध सुरू झाल्यावर तरुण भराभर लष्करात जाऊ लागले आणि संघांना खेळाडू मिळेनात. स्टुडबेकर ही मोटारी बनवणारी कंपनी तेव्हा शिकागोच्या कारखान्यात बी-17 बॉम्बरची इंजिनं तयार करत होती. तिथल्या कामगारांना युद्धोपयोगी कामामुळे सक्तीच्या भरतीतून सवलत मिळे. त्या कामगारांतून 1942-43च्या हंगामासाठी एक व्यावसायिक संघ निघाला. नाव कंपनीचं, पाठबळ मोटार कामगारांच्या युनियनचं. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या संघाचे कृष्णवर्णीय खेळाडू आणि गोरे खेळाडू एकाच कारखान्यात हजेरी लावत आणि एकाच संघातून खेळत. कृष्णवर्णीय सनी बॉसवेल आणि गोरा माइक नोव्हाक एकमेकांना पास देत होते तेव्हा अमेरिकेचं सैन्य मात्र वर्णानुसार वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेलं होतं.

संघाने 8 सामने जिंकले, 15 हरले आणि एका हंगामातच गाशा गुंडाळला. काळ्या-गोऱ्यांच्या भांडणामुळे तो फुटला अशी आवई पुढे उठली. खेळाडूंनी ती नाकारली. त्याच लीगमध्ये टोलेडोच्या एका मोटार विक्रेत्याच्या नावाने उतरलेल्या संघानेही कृष्णवर्णीय खेळाडू घेतले होते. तो तर चार सामने हरून हंगामाच्या मध्येच बंद पडला. हीच लीग 1949 साली दुसऱ्या लीगमध्ये विलीन होऊन एनबीए जन्माला आली, आणि त्या एनबीएने पहिले कृष्णवर्णीय खेळाडू घेतले 1950 साली. फोर्ट वेनच्या एका पिस्टन कारखानदाराचा संघ मात्र टिकला. आजचे डेट्रॉइट पिस्टन्स ते हेच.

शिकागोच्या त्या कारखान्याला समाजसुधारणा करायची नव्हती. युद्धामुळे माणसं कमी पडली आणि भिंत आपोआप खाली आली. कंपनीचा पैसा हा असाच असतो. गरज असेल तिथे तो जात, धर्म, रंग बघत नाही आणि गरज संपली की थांबतही नाही. त्याला पुण्यवान ठरवणंही चूक आणि लबाड ठरवणंही.

मुंबईच्या क्रिकेटला पंचरंगीनंतर तारलं ते याच पैशाने. टाइम्स शील्डच्या कचेऱ्यांच्या सामन्यांत कोणी हिंदू-पारशी म्हणून उतरत नसे. तो बँकेचा असे, गिरणीचा असे किंवा टाटांचा असे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर नायलॉनचा धागा बनवणाऱ्या निर्लॉनमध्ये. सामना असला की रजा मंजूर आणि पगार चालू, एवढ्या साध्या व्यवस्थेवर मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं कसोटी क्रिकेटपर्यंत पोचली. निर्लॉनच्या गोरेगावच्या जागेवर आज आयटी पार्क आहे. धागा गेला, संघ गेला. ज्यांचं नाव मस्टरवर होतं, त्यांची उमेदीची वर्षं मात्र पगारावर निभावली.

फुटबॉलची कथा अधिक कडू आहे. महिंद्र कंपनी 1945ची आणि तिने नाव कमावलं ते युद्धातून आलेल्या विलीज जीपवर. तिचा मुंबईतला फुटबॉल संघ 1962पासूनचा. 2005-06 साली महिंद्र युनायटेड राष्ट्रीय विजेता झाला आणि 2010 साली कंपनीने संघ बंद केला. राष्ट्रीय विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत! कंपनी बुडाली नव्हती, संघही रसातळाला गेला नव्हता. प्राधान्य बदललं, एवढंच. शिकागोत निदान युद्धाचं निमित्त तरी होतं.

आता हरसूलकडे वळू. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं भाग पाडलं, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्टपणे नमूद आहे. सातपूर, अंबड, सिन्नरला कारखाने आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यांवर धावणारी मुलं आहेत. दोघांमध्ये अंतर फार नाही. तरी खर्च होतो तो बहुतेक एका दिवसाच्या मॅरेथॉनवर, कंपनीच्या नावाच्या टी-शर्टवर आणि बक्षीस समारंभातल्या मोठ्या धनादेशाच्या फोटोवर. तसल्या पैशातून लांब पल्ल्याचा धावपटू घडत नाही. त्याला आठ-दहा वर्षं लागतात आणि एवढा धीर जाहिरातीच्या बजेटमध्ये बसत नाही.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला नौकानयनात उतरला, तो लष्करात होता म्हणून. कविताच्या मागे सरकारी तेल कंपनी होती. नाशिकच्या ग्रामीण भागातून जे वर गेले, त्यांच्यामागे हंगामी प्रायोजक नव्हता, कायमची नोकरी होती. खासगी कारखानदारांनी यावरून धडा घ्यावा. संघ काढा अगर काढू नका. प्रशिक्षकाचा पगार दहा वर्षांच्या कराराने बांधून द्या, चांगल्या धावपटूला नोकरी द्या, आणि खेळ थांबला तरी ती नोकरी चालू राहील असं नेमणूकपत्रात लिहून द्या. जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि आदिवासी विकास विभागानेही देणगीचा धनादेश स्वीकारण्याआधी कंपनीला एवढंच विचारावं: किती वर्षांसाठी? याला उत्तर नसेल, तर कंपनीचा फलक हरसूलच्या मैदानावर लावू देऊ नये.