शेपूट घसरली, दोष कुणाचा?



वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं, की आपल्याकडे दोन निदानं तयारच असतात. पहिलं, चालवणारा कच्चा आहे. दुसरं, शॉकअप गेले, नवे टाका. दोन्हींची सोय अशी, की गाडीखाली वाकून बघावं लागत नाही! माझं भांडण या सोयीशी आहे, आणि आज मी ते जरा जोरातच भांडणार आहे.

तुम्ही म्हणाल, केजमध्ये बसलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तरला रेसच्या गाडीत नाक खुपसायचं काय कारण? कारण घरचंच आहे. माझा नातू एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकतो. तिथल्या मुलांनी मिळून एक रेसची गाडी बनवली आणि ती चालवायचं काम त्याच्याकडे होतं. "होतं" म्हणतो, कारण ते त्याच्याकडून काढून घेतलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी एकाच माणसाची छोटी गाडी स्वतः आखायची, स्वतः बनवायची आणि इतर कॉलेजांच्या गाड्यांसमोर उतरवायची, अशा स्पर्धा असतात. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी 'फॉर्म्युला भारत' त्यांतली एक. आयआयटी मुंबईची मुलं तर विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडात सिल्व्हरस्टोनपर्यंत जाऊन आली आहेत. खडबडीत रानातल्या गाड्यांसाठी 'बाजा' नावाची वेगळी स्पर्धा २००७ साली पिथमपूरला सुरू झाली. तिथे पेट्रोलच्या गाड्यांना वर्षानुवर्षं सगळ्या संघांना सुमारे १० अश्वशक्तीचं एकसारखंच इंजिन दिलं जात आलं. इंजिन सारखं म्हटल्यावर फरक कशाने पडणार? वजनाने, आणि चाकं जमिनीला कशी धरून राहतात याने. म्हणजे ज्या भागाकडे आपण सगळ्यात शेवटी बघतो, त्यानेच!

तर नातवाची गाडी डाव्या वळणावर मागून निसटायची. सरावात दोनदा गिरकी खाऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. दैव बरं, की मैदान मोकळं होतं. बैठक बसली आणि एका तासात दोन ठराव झाले: चालक बदला, आणि वर्गणी काढून मागचे शॉकअप नवे मागवा. वर्गणी देणाऱ्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची पोरंही होती, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

मला फोनवर हे कळलं तेव्हा मी एकच विचारलं, "अरे, उजवीकडं कशी वळते?"

"उजवीकडं एकदम नीट वळते, आजोबा."

आता मला सांगा, चालक फक्त डावीकडेच कच्चा असतो का? या स्पर्धांमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दोन वर्तुळांवर गाडी फिरवायची एक परीक्षा असते. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर. आधी उजवीकडे दोन फेऱ्या, मग डावीकडे दोन, आणि दोन्हींची वेळ वेगळी मोजतात. म्हणजे चालक तोच, टायर तेच, रस्ता तोच, बदलते ती फक्त बाजू. निदानाचा अर्धा कागद परीक्षेनेच लिहून दिलेला असतो. तो वाचायचा सोडून ही मंडळी खरेदीची यादी करत बसली!

गाडी घसरते म्हणजे नेमकी कधी घसरते, हे आधी विचारायला हवं. वळणात शिरताना, ब्रेकवर पाय असताना घसरत असेल तर मागच्या ब्रेकचा जोर बघा. ऐन वळणाच्या मध्यावर घसरत असेल तर पुढच्या आणि मागच्या अंगाच्या कडकपणाचा मेळ बघा. बाहेर पडताना, गती देताना घसरत असेल तर मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि ती दोन चाकांत वाटणारी यंत्रणा बघा. आणि एकाच बाजूला घसरत असेल, तर डावं अंग आणि उजवं अंग यांत फरक कुठे आहे ते शोधा.

शोधायला लागतं तरी काय? टायरमधली हवा आधी मोजायची. मग गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर सुतळी ताणायची आणि मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड व मागची कड सुतळीपासून किती लांब आहे ते पट्टीने मोजायचं. मागच्या चाकांची तोंडं किंचित आत असली तर गाडी स्थिर राहते, बाहेर असली तर मागचं अंग भरकटतं. चाक उभं आहे की कललेलं, हे गवंड्याचा ओळंबा सांगतो. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले, की कुठल्या चाकावर भार जास्त ते कळतं. स्प्रिंग काढून जॅकने चाक वरखाली केलं, की त्याचं तोंड मध्येच वळतं का तेही दिसतं. शेवटी चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचं आणि सांध्यात खेळ आहे का बघायचं. यातलं बहुतेक सामान आमच्या केजच्या आठवडी बाजारात मिळेल.

न मोजता खरेदी करण्यात नुसते पैसे जात नाहीत, दुखणं वाढूही शकतं. मागचं अंग जितकं कडक कराल, तितका वळणातला भार मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त जातो आणि आतलं चाक हलकं होतं. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही. बैलगाडीचं सगळं ओझं एका बैलावर टाकलं, तर तो काही दोघांचं काम करत नाही, तसंच हे. म्हणजे घसरणाऱ्या गाडीला मागे आणखी कडक स्प्रिंग घातली, तर ती जास्तच घसरायची!

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "काका, आम्ही सगळं संगणकावर तपासलंय." तपासलं असेल. पण संगणकातल्या गाडीचे सांधे झिजत नाहीत आणि तिचा नट कुणी अर्धा पिळून ठेवत नाही. दुसरं उत्तर, वेळ नव्हता. चार गोष्टी एकाच रात्रीत बदलायला वेळ होता ना? मग एकेक बदलून, वहीत लिहून बघायला का नव्हता? चार बदलांनंतर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मग विचारायलाच नको.

चालकाला दोष द्यायची ही खोड फक्त आपलीच नाही. अमेरिकेत शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर गाडीचं इंजिन मागे होतं, आणि १९६० ते १९६३ च्या गाड्यांत मागच्या चाकांची जोडणी अशी, की जोराच्या वळणात ती आत दुमडू शकत. १९६५ साली राल्फ नेडर यांनी पुस्तक लिहून दोष गाडीच्या आखणीवर ठेवला. पुढे सरकारी चाचणीत तिला त्याच काळातल्या इतर गाड्यांशेजारी चालवून पाहिलं, आणि १९७२ च्या अहवालाने ती त्यांच्यापेक्षा वाईट नसल्याचं म्हटलं. कंपनीने मात्र १९६४ आणि १९६५ साली मागची जोडणी सुधारली होती. कुणाचं किती बरोबर, यावर अजून वाद घाला. पण वादाला अर्थ आला तो गाड्या शेजारी शेजारी चालवून मोजल्यावर.

नातवाच्या गाडीचं काय झालं? दोन पोरांनी एका रविवारी सुतळी ताणली, चाकं हलवली. मागच्या उजव्या चाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या दांडीचा सांधा झिजून ढिला झाला होता. डाव्या वळणात भार उजव्या चाकांवर येतो. तो आला की त्या चाकाची मागची कड आत ढकलली जायची, तोंड बाहेर वळायचं, आणि गाडी गिरकी घ्यायची. सांधा काही शे रुपयांचा. तोवर नवे शॉकअप येऊन पडले होते. वर्गणी परत मिळाली नाही, आणि त्या वर्षी नातवाला गाडीत बसायलाही मिळालं नाही. वर तो घाबरट आहे, हे कॉलेजभर झालं ते झालंच.

हा राग मला नवा नाही. पोरगं गणितात नापास झालं की "ढ आहे" म्हणायचं आणि शिकवणी लावायची. कुठलं गणित चुकतं, फळा दिसतो का, हे कुणी बघायचं नाही. पोराला ढ म्हणणं फुकट आहे, शिकवणीला पैसे पडतात, आणि बघायला वेळ द्यावा लागतो. आपण पहिली दोन पटकन करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अशा संघांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी एक नियम घालावा. मोजमापाची वही भरल्याशिवाय एकही सुटा भाग मागवायचा नाही आणि एकाही पोराला खाली उतरवायचं नाही. एका वेळी एकच बदल, त्याची नोंद, मग पुढचा. आपल्या नात्यातली, ओळखीतली जी पोरं अशा संघांत आहेत, त्यांना हे वाचायला द्या. माझ्यावर रागावली तरी चालेल. फक्त रागावण्याआधी एकदा चाक धरून हलवून बघा म्हणावं.