रोप्पोंगीच्या भिंतीवरील काळ

टोकियोच्या गजबजलेल्या रोप्पोंगी भागात २००३ साली उभारलेल्या ‘काउंटर व्हॉइड’ या तात्सुओ मियाजिमा यांच्या कलाकृतीत माणसाहून उंच डिजिटल अंक निरनिराळ्या गतीने ९ पासून १ पर्यंत उतरतात आणि शून्याच्या जागी काहीही न दाखवता मोजणी पुन्हा सुरू होते. ही रिकामी जागा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मांडलेल्या शून्यतेची आठवण करून देते. ही शून्यता म्हणजे अभाव नव्हे. प्रत्येक वस्तू इतर कारणांवर अवलंबून उद्भवते, ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात, आणि म्हणून तिला स्वतंत्र, अविकारी स्वभाव नसतो, असा शून्यतेचा आशय आहे. हा आशय मियाजिमा यांच्या नाओशिमा बेटावरील १९९८ च्या कलाकृतीत अधिक स्पष्ट होतो, कारण तेथील १२५ गणकांची गती स्थानिक रहिवाशांनी ठरवली होती आणि त्यामुळे कलावंताचे कर्तेपणच विभागले गेले. मंद संगीत आणि रंगीत प्रकाशझोत यांतून शांतता विकणाऱ्या आजच्या अनेक डिजिटल प्रदर्शनांपेक्षा ही दृष्टी कठोर आहे. २०११ च्या भूकंपानंतर मियाजिमा यांनी रोप्पोंगीतील अंक विझवले. ते पुन्हा उजळले २०१६ मध्ये, आणि दरम्यानच्या काळात येणारेजाणारे त्याच कोऱ्या भिंतीवरून रोज कामावर जात होते.