संपलेला सेल खरंच संपलेला असतो का?



रिमोट चालेनासा झाला की आपण त्यातला बटण सेल काढतो आणि "संपला" म्हणून खणात टाकतो. हा शब्दच मला धोक्याचा वाटतो.

सीआर २०३२ हा नेहमीचा सेल ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद. त्याचा हिशेब बँकेच्या खात्यासारखा. शिल्लक किती हे वेगळं आणि एका वेळी किती काढता येईल हे वेगळं. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. रिमोटने थोडा जास्त करंट मागितला की व्होल्टेज पडतं आणि रिमोट बंद. शिल्लक मात्र उरलेलीच असते.

लहान मुलाच्या अन्ननलिकेला तेवढीही फार होते. सेल तिथे अडकला तर ओलाव्यातून बारीक करंट वाहतो, तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतसुद्धा गंभीर जखम होऊ शकते.

म्हणून जुन्या सेललाही नव्याइतकंच जपावं. काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, मुलांपासून दूर ठेवा. पोखर्णीच्या जत्रेत लुकलुकणारं खेळणं घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसेल तर नातवंडांचा हट्ट खुशाल मोडा.

गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळं भरवू नका. लगेच परभणीचा दवाखाना गाठा, एक्स-रे काढून घ्या. "सेल जुनाच होता" म्हणत घरी थांबू नका.